अणुभट्टीचं स्टार्टअप: अमेरिकेतल्या परवान्यापर्यंत कोणतं काम आधी, कोणतं नंतर

नव्या धाटणीची अणुभट्टी बांधायला निघालेल्या कंपन्या बहुतेक वेळा एकाच जागी अडखळतात. आधी गुंतवणूकदारांपुढे मेगावॉटचा आकडा आणि तारीख जाहीर होते, आणि इंधन, जागा, परवाना यांचा विचार त्यानंतर सुरू होतो. मुहूर्त काढून मग स्थळं बघायला निघण्यातला हा प्रकार. पुढे तारीख चुकली की खापर सरकारी नियमांवर फुटतं. नियम किचकट आहेतच, पण वर्षं वाया जातात ती मुख्यतः उलट्या क्रमामुळे.

हा लेख अमेरिकेपुरता आहे. अशा बऱ्याच कंपन्या तिथे आहेत आणि तिथले नियम सध्या वेगाने बदलताहेत. तिथे काम करणारे मराठी इंजिनिअर, या क्षेत्रात पैसे घालू पाहणारे आणि पुण्या-मुंबईतून डिझाइनची किंवा सुट्या भागांची कामं घेणारे, अशा तिघांना डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे. भारतातली परवान्याची वाट वेगळी आहे. ती इथे घेतलेली नाही. संलयन, म्हणजे फ्यूजनवाल्यांनीही हा लेख बाजूला ठेवावा. अमेरिकेच्या न्यूक्लियर रेग्युलेटरी कमिशनने (पुढे एनआरसी) २०२३ मध्येच त्यांना अणुभट्ट्यांच्या नियमांतून वगळून किरणोत्सारी पदार्थांच्या हलक्या नियमांखाली ठेवायचं ठरवलं.

टप्पा १: मूळ दावा बाहेरच्या माणसाकडून तपासून घ्या

काम छोटं आहे, पण टाळलं तर महागात पडतं. ट्रान्सअ‍ॅटॉमिक पॉवर या कंपनीचा दावा होता की तिची वितळलेल्या क्षारांची भट्टी खाणीतून काढलेल्या दर टन युरेनियममागे नेहमीच्या भट्टीच्या ७५ पट वीज देईल. एमआयटीतल्या तज्ज्ञांनी गणित तपासल्यावर २०१६ मध्ये कंपनीला तो आकडा 'दुपटीहून जास्त' इतका खाली आणावा लागला. २०१८ मध्ये कंपनी बंद झाली.

न्यूट्रॉनिक्स (भट्टीत न्यूट्रॉन कसे वागतात याचा हिशेब), उष्णतेचं वहन आणि धातूंचा टिकाऊपणा या तिन्हींची गणितं कंपनीशी संबंध नसलेल्या माणसाला करायला लावा. पहिली मोठी गुंतवणूक घेण्याआधी करा. नंतर केलीत तर चूक कबूल करणंच धंद्याला परवडत नाही.

टप्पा २: इंधन कुठून येणार ते लिहून काढा

बहुतेक नव्या डिझाइनना 'हॅल्यू' लागतं, म्हणजे ५ ते २० टक्क्यांपर्यंत समृद्ध केलेलं (विखंडन होणाऱ्या यू-२३५ या प्रकाराचं प्रमाण तितकं वाढवलेलं) युरेनियम. आजच्या वीजकेंद्रांतलं इंधन ५ टक्क्यांच्या आत असतं. हॅल्यूमुळे भट्टी लहान होते आणि इंधन जास्त काळ चालतं, म्हणून डिझाइनर त्याच्या प्रेमात पडतात. अडचण अशी की व्यापारी प्रमाणावर ते विकणारी रशियाची एकच कंपनी होती. युक्रेनवर हल्ला झाला आणि ती वाट बंद झाली. डिसेंबर २०२२ मध्ये टेरापॉवरने वायोमिंगमधल्या केमरर इथला ३४५ मेगावॉटचा प्रकल्प किमान दोन वर्षं लांबणार असं सांगितलं. कारण एकच, इंधन नाही. बिल गेट्स यांचं पाठबळ आणि सरकारची मदत असलेल्या कंपनीची ही गत.

अमेरिकेत ओहायोमधल्या पाइकटन इथे सेंट्रस कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये पहिलं २० किलो हॅल्यू दिलं. २०२५ च्या मध्यापर्यंत एकूण उत्पादन ९०० किलोवर गेलं. इच्छुक कंपन्यांची संख्या पाहता हा साठा तोकडा आहे. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने पहिल्या फेरीत पाच कंपन्यांना वाटा देऊ केला. बाकीच्यांना थांबावं लागलं.

या टप्प्यावर तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर हवीत:

- समृद्ध युरेनियम कोण देणार, आणि त्याची बांधिलकी करारात आहे की नुसत्या सदिच्छापत्रात?
- त्याच्या गोळ्या, कांड्या किंवा ट्रायसोचे (कार्बन आणि सिरॅमिकच्या थरांत गुंडाळलेल्या इंधनाचे) कण कोण बनवणार? त्या कारखान्याला एनआरसीच्या नियमावलीतल्या भाग ७० खाली वेगळा परवाना लागतो. तो तुमच्या भट्टीच्या परवान्याच्या मागे पडला तर बांधलेली भट्टी रिकामी उभी राहील.
- ते कोणत्या पिंपातून वाहून नेणार? वाहतुकीच्या पिंपालाही स्वतंत्र मंजुरी लागते.

इशारा: १० ते २० टक्के समृद्ध युरेनियममध्ये यू-२३५ चं वजन १० किलोवर गेलं की सुरक्षेची श्रेणी वाढते. पहारा, कुंपण, कर्मचाऱ्यांची छाननी, सगळ्याचा खर्च त्याबरोबर वाढतो. प्राथमिक अंदाजपत्रकात हा खर्च सहसा नसतो.

माझं मत विचाराल तर पहिली भट्टी ५ टक्क्यांच्या आतल्या इंधनावर चालत असेल तर तीच बांधा, भले ती थोडी मोठी आणि कमी देखणी असो. नूस्केल आणि लास्ट एनर्जी या कंपन्यांनी तोच रस्ता धरला आहे.

टप्पा ३: परवान्याचा मार्ग निवडा

इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो, म्हणून सावकाश वाचा.

*भाग ५०.* जुनी दोन पायऱ्यांची पद्धत. आधी बांधकामाचा परवाना, बांधकाम होत आलं की चालवण्याचा. पहिल्या पायरीला प्राथमिक डिझाइन चालतं आणि बांधताना शिकायला वाव राहतो. तोटा असा की दुसऱ्या पायरीला पुन्हा सगळं तपासलं जातं.

*भाग ५२.* इथे डिझाइनचं प्रमाणपत्र आधी घेता येतं किंवा बांधणं-चालवणं असा एकत्र परवाना मागता येतो. त्यासाठी डिझाइन पूर्ण हवं, आणि नंतर केलेला बदल महागात जातो. नूस्केलने २०१६ च्या अखेरीस सुमारे १२,००० पानांचा अर्ज दिला, तयारीवर ५० कोटी डॉलरहून जास्त खर्च केला, आणि ५० मेगावॉटच्या डिझाइनचं प्रमाणपत्र जानेवारी २०२३ मध्ये हातात आलं. तोवर कंपनी स्वतःच ७७ मेगावॉटकडे वळली होती. त्याची मंजुरी वेगळी घ्यावी लागली; ती मे २०२५ मध्ये मिळाली.

*भाग ५३.* नव्या तंत्रज्ञानासाठी, जोखमीच्या गणितावर आधारलेली चौकट. २०१९ च्या कायद्याने ती तयार करायला सांगितलं. नव्या चौकटीतला पहिला अर्जदार होण्यात नावलौकिक आहे, पण अर्थ लावण्यातले सगळे वाद तुमच्या पैशाने मिटतील हेही ध्यानात ठेवा.

*चाचणी किंवा संशोधन भट्टी.* अणुऊर्जा कायद्याच्या कलम १०४ मध्ये अशा भट्ट्यांवर कमीत कमी नियमन लादावं असा आदेश आहे. कैरोस पॉवर या कंपनीने याचा नीट उपयोग करून घेतला. टेनेसीमधल्या ओक रिज इथली त्यांची हर्मीस भट्टी ३५ मेगावॉट उष्णतेची आहे आणि वीज बनवत नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये अर्ज, डिसेंबर २०२३ मध्ये बांधकामाचा परवाना. शेजारच्या हर्मीस-२ साठी जुलै २०२३ मध्ये अर्ज केला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये परवाना आला. जागा तीच, डिझाइनचा गाभा तोच, त्यामुळे दुसऱ्यांदा कमी वेळ लागला. टेक्सासमधल्या अ‍ॅबिलीन ख्रिश्चन विद्यापीठानेही १ मेगावॉटच्या क्षार-भट्टीसाठी हीच वाट धरली. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांना बांधकामाचा परवाना मिळाला.

*ऊर्जा विभागाची वाट.* मे २०२५ मधल्या अध्यक्षीय आदेशांनंतर ऊर्जा विभागाने प्रायोगिक भट्ट्यांचा कार्यक्रम काढला आणि ऑगस्टमध्ये १० कंपन्यांचे ११ प्रकल्प निवडले. किमान तीन भट्ट्यांमध्ये ४ जुलै २०२६ पर्यंत साखळी प्रक्रिया सुरू व्हावी असं उद्दिष्ट होतं. इथे एनआरसीऐवजी ऊर्जा विभाग स्वतः मंजुरी देतो. बांधकाम, चालवणं आणि शेवटी मोडणं हा सगळा खर्च मात्र कंपनीचा.

इशारा: ऊर्जा विभागाची मंजुरी म्हणजे एनआरसीचा परवाना नव्हे. व्यापारी केंद्राच्या वेळी पुन्हा एनआरसीकडेच जावं लागतं. ऊर्जा विभागाने चाचणी घेतलेल्या डिझाइनना झटपट वाट द्यावी असं आदेशात म्हटलं आहे, आणि ती सवलत मोलाची आहे. पण ती वापरायची तर चाचणीची प्रत्येक नोंद एनआरसीला पटेल अशा पद्धतीने ठेवलेली हवी. फक्त तारीख गाठायची म्हणून बांधलेली भट्टी छायाचित्रापुरती उरते.

छोट्या भट्ट्यांना एनआरसीचा परवाना लागावाच का, यावर डिसेंबर २०२४ मध्ये टेक्सास, युटा आणि लास्ट एनर्जी कोर्टात गेले. लढणाऱ्यांनी लढावं, तुमचं वेळापत्रक त्या निकालावर टांगू नका.

तपासा: या पहिल्या भट्टीतून नक्की काय सिद्ध होणार, हे दोन वाक्यांत सांगता येतं का? येत नसेल तर मार्गाची निवड अजून झालेली नाही.

टप्पा ४: पहिल्या ड्रॉइंगआधी गुणवत्तेची व्यवस्था

भाग ५० च्या परिशिष्ट ब मध्ये गुणवत्तेचे १८ निकष आहेत. सॉफ्टवेअर कंपनीतून आलेल्या संस्थापकांना ते कारकुनी वाटतात आणि 'नंतर बघू' होतं. नंतर बघणं म्हणजे काय, तर दोन वर्षं घेतलेल्या चाचण्यांची नोंद, मोजमापाच्या यंत्रांची प्रमाणपत्रं आणि गणिताच्या प्रोग्रामची पडताळणी नसल्याने तो सगळा डेटा सुरक्षेच्या दाव्यासाठी निरुपयोगी ठरणं. चाचणी पुन्हा करावी लागते.

म्हणून गुणवत्तेचा प्रमुख पहिल्या काही नेमणुकांत असावा आणि त्याला काम थांबवण्याचा अधिकार हवा. पुरवठादारांबाबतही तेच. सुरक्षेशी संबंधित व्हॉल्व्ह बनवणाऱ्याकडे अणुक्षेत्राचा गुणवत्ता कार्यक्रम नसेल तर बाजारातला माल घेऊन तो स्वतः तपासून पात्र ठरवता येतो. ती प्रक्रिया नियमांत आहे, पण वेळखाऊ आहे. पुणे-चाकणच्या कारखानदारांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: आयएसओचं प्रमाणपत्र इथे पुरत नाही.

टप्पा ५: भारतीय माणूस, भारतीय ऑफिस, भारतीय पैसा

मराठी वाचकांकडून सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून हा टप्पा वेगळा काढला आहे.

अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचा भाग ८१० हा नियम अणुतंत्रज्ञान परदेशी देण्यावर आहे. त्यात 'देणं' याचा अर्थ फार रुंद आहे. पुण्यातल्या इंजिनिअरला सर्व्हरवरची फाइल उघडायला दिली तरी ती निर्यात. अमेरिकेतच, शेजारच्या टेबलावर बसलेल्या एच-१बी व्हिसावरच्या सहकाऱ्याला भट्टीच्या गाभ्याचं डिझाइन दाखवलं तरी ती निर्यातच. ग्रीन कार्ड असलेल्यांना हे लागू होत नाही. ज्या देशांना सरसकट मोकळीक आहे त्यांच्या यादीत भारत नाही, त्यामुळे सहसा वेगळी परवानगी मागावी लागते.

अशी परवानगी मिळू शकते. होल्टेक या अमेरिकी अणुकंपनीला मार्च २०२५ मध्ये ती मिळाली आणि तिच्यात नावं स्पष्ट होती: पुण्यातली होल्टेक एशिया, टाटा कन्सल्टिंग इंजिनिअर्स आणि लार्सन अँड टुब्रो. यादीबाहेरच्या कोणाला माहिती पुढे द्यायची तर पुन्हा विचारावं लागतं. भारत सरकारची हमीही लागते. हे काम महिन्याभराचं नव्हे, म्हणून भरतीची जाहिरात देण्याआधीच अर्ज तयार करायला घ्या.

सर्रास होणारी चूक: 'आम्ही फक्त ड्राफ्टिंग बाहेर देतो' या समजुतीवर कामं वाटणं. टर्बाइन हॉल, ऑफिसची इमारत, सर्वसाधारण वीजजोडणी यांची ड्रॉइंग एका बाजूला आणि भट्टी, प्राथमिक शीतन, इंधन हाताळणी यांची दुसऱ्या बाजूला, अशी फाइलींची वेगळी रचना पहिल्या दिवसापासून करा. सरमिसळ झाल्यावर वेगळं करणं जवळपास अशक्य असतं. कोणती फाइल कुठल्या बाजूला जाते हे निर्यात-कायद्याच्या वकिलाकडून लिहून घ्या.

पैशाच्या बाबतीत मात्र दार थोडं उघडलं आहे. परदेशी मालकीच्या कंपनीला भट्टीचा परवाना देण्यावर अमेरिकेत जुनी बंदी आहे. जुलै २०२४ च्या अ‍ॅडव्हान्स कायद्याने ती ओईसीडी (प्रामुख्याने विकसित देशांचा गट) देशांसाठी आणि नाव घेऊन भारतासाठी शिथिल केली. तरी देशाच्या सुरक्षेला बाधा नाही असा निर्वाळा एनआरसीला द्यावा लागतोच. भागधारकांची यादी स्वच्छ ठेवा आणि फंडामागे खरे पैसे कुणाचे आहेत हे सांगता येईल अशी व्यवस्था करा.

टप्पा ६: अर्जाआधीची बोलणी

एनआरसीशी पहिली भेट अर्ज घेऊन करायची नसते. आधी संपर्काचा आराखडा द्यायचा: कोणता विषय, कोणत्या महिन्यात, कोणत्या स्वरूपात मांडणार. मग एकेका विषयावर अहवाल द्यायचा आणि त्यावर लेखी मंजुरी मिळवायची. इंधनाचं वर्तन, अपघातांची निवड, संगणकी प्रोग्रामची पडताळणी, यंत्रांचं सुरक्षेनुसार वर्गीकरण हे विषय आधी मिटले तर मुख्य अर्जात त्यांचा फक्त हवाला द्यावा लागतो.

असे विषय आधी न मिटवल्याचं उदाहरण ओक्लो या कंपनीचं आहे. त्यांनी मार्च २०२० मध्ये आयडाहोतल्या दीड मेगावॉटच्या अरोरा भट्टीसाठी एकत्र परवान्याचा अर्ज दिला. भट्टी इतकी लहान आहे की अर्जही लहान चालेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. जानेवारी २०२२ मध्ये एनआरसीने तो फेटाळला. संभाव्य अपघातांची आणि यंत्रांच्या सुरक्षा-वर्गीकरणाची पुरेशी माहिती दिली नाही, हे कारण. डिझाइन असुरक्षित आहे असं एनआरसीने म्हटलं नव्हतं आणि पुन्हा अर्ज करायला मुभाही ठेवली होती. म्हणजे प्रश्न तंत्राचा नव्हता, पुराव्याचा होता.

'आमची भट्टी आपोआप थंड होते' हे वाक्य निष्कर्ष आहे. समीक्षकाला त्यामागचा क्रम हवा असतो: कोणत्या घटना गृहीत धरल्या, कोणत्या वगळल्या, का वगळल्या, आणि वगळण्याचं कारण चुकीचं निघालं तर काय होईल.

तपासा: एनआरसीच्या पत्रांतल्या प्रत्येक प्रश्नासमोर तुमचं उत्तर, त्याचा पुरावा आणि जबाबदार माणसाचं नाव असलेला तक्ता आहे का?

टप्पा ७: जागा

हवामानाच्या नोंदी किमान वर्षभराच्या, शक्यतो दोन वर्षांच्या लागतात. ही वर्षं पैसे देऊन कमी होत नाहीत. म्हणून जागा पक्की होताच मनोरा उभारून मोजणी सुरू करा. ज्या जागेची माहिती आधीच गोळा झालेली आहे ती निवडणं शहाणपणाचं. हर्मीसची जागा म्हणजे जुन्या युरेनियम कारखान्याचं आवार. टेरापॉवरने बंद होऊ घातलेल्या कोळसा-केंद्राजवळची जागा घेतली, जिथे वीजवाहिन्या आणि कामगार आधीच होते.

डिसेंबर २०२३ पासून लागू झालेल्या नियमाने छोट्या भट्ट्यांना १० मैलांच्या सरसकट आपत्कालीन पट्ट्याऐवजी आपल्या जोखमीच्या मानाने लहान पट्टा मागता येतो. तो मिळेलच असं धरून वस्तीजवळची जागा विकत घेऊ नका. गणित आधी, व्यवहार नंतर.

इशारा: परवान्याआधी काय बांधता येतं याची व्याख्या नियमात आहे. रस्ते, ऑफिस, खोदकाम चालतं. सुरक्षेशी संबंधित पायासाठी भराव टाकणं, पाइल ठोकणं, काँक्रीट ओतणं चालत नाही. टेरापॉवरने जून २०२४ मध्ये, परवाना नसताना, अणुभट्टीशी संबंध नसलेल्या भागाचं काम सुरू केलं. ते जमलं, कारण उष्णता साठवण्याचा आणि विजेचा भाग डिझाइनमध्येच भट्टीपासून वेगळा ठेवला होता.

टप्पा ८: अर्ज, प्रश्न आणि बिल

अर्ज पोचला की तो तपासायला घेण्याइतका पूर्ण आहे का हे आधी पाहिलं जातं. त्यानंतर प्रश्नांच्या फेऱ्या आणि पर्यावरणाची तपासणी. २०२५ च्या अध्यक्षीय आदेशाने नव्या भट्टीच्या अर्जावर १८ महिन्यांत निर्णय द्यायला सांगितलं आहे. ही मुदत अर्जदारालाही तितकीच आवळते. प्रश्नाला उत्तर द्यायला तुम्ही चार महिने घेतलेत तर कोणतीही मुदत पाळली जाणार नाही.

एनआरसी तासावर बिल लावते, तासाला ३०० डॉलरहून थोडं जास्त. प्रगत भट्ट्यांच्या अर्जदारांना ऑक्टोबर २०२५ पासून जवळपास निम्मा दर आहे. त्यामुळे अपुरं उत्तर दोनदा खर्च करवतं: एकदा तुमच्या माणसांचा, एकदा त्यांच्या.

टप्पा ९: गिऱ्हाईक आणि भाव

नूस्केलकडे प्रमाणपत्र होतं, युटातल्या नगरपालिकांचा वीजगट गिऱ्हाईक होता, सरकारची मदत होती. जानेवारी २०२३ मध्ये ४६२ मेगावॉटच्या त्या प्रकल्पाचा अपेक्षित भाव मेगावॉट-तासाला ५८ डॉलरवरून ८९ वर गेला. पुरेशी गावं पुढे आली नाहीत आणि नोव्हेंबरमध्ये प्रकल्प रद्द झाला. परवाना मिळाला म्हणजे वीज विकली गेली असं होत नाही.

पहिल्या भट्टीची वीज महागच पडणार. तेव्हा पहिलं गिऱ्हाईक भावाला घासाघीस न करणारं हवं: डेटा सेंटरवाले, लष्कर, दुर्गम जागा. कैरोसने ऑक्टोबर २०२४ मध्ये गूगलशी ५०० मेगावॉटचा एकापेक्षा जास्त भट्ट्यांचा करार केला, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या भट्टीची मागणी आधीच बांधली गेली. करार करताना उशिराचा दंड कोणत्या तारखेपासून लागतो ते बघा. ती तारीख परवान्यापासून मोजावी, सहीच्या दिवसापासून नको.

हातातली रोकड परवान्याच्या पुढच्या टप्प्यापर्यंत पुरेल की नाही हे दर तिमाहीला बघा. अल्ट्रा सेफ न्यूक्लियर या कंपनीकडे डिझाइन होतं, इंधनाचं तंत्र होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला.

टप्पा १०: चालवण्याच्या परवान्याची तयारी बांधकामाबरोबर

भाग ५० वाल्यांनी काँक्रीट ओतायला लागल्याबरोबर पुढचा अर्ज लिहायला घ्यावा. यात चार गोष्टी हमखास मागे राहतात. ऑपरेटरांना वैयक्तिक परवाना लागतो, आणि त्यांना शिकवण्यासाठी भट्टीआधी सिम्युलेटर हवा. वापरलेल्या इंधनाबाबत ऊर्जा विभागाशी करार, निदान त्याची बोलणी, सुरू असावी लागतात. भट्टी मोडायचा निधी कुठून येणार ते दाखवावं लागतं. आणि बांधताना केलेला प्रत्येक बदल मूळ सुरक्षा-अहवालाशी जुळवून नोंदलेला हवा: वेल्डरने जागेवर वळवलेल्या पाइपचाही.